लायसन्सपुरता वैरी

रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल तर आधी एक वैरी दाखवावा लागतो, हे मला कचेरीबाहेरच्या टायपिस्टने सांगितलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान होतं, दोन मुली शाळेत होत्या, आणि मखमलाबादच्या रस्त्याला हौसेने घेतलेला एक प्लॉट होता. सगळं दुखणं त्या प्लॉटचं.

त्या प्लॉटवर एका माणसाचा डोळा होता. तो पांढऱ्या जीपमधून फिरायचा. मोकळ्या जागेवर पत्र्याची शेड टाकायची आणि मालकाला मातीमोल भावाने जागा सोडायला लावायची, हा त्याचा धंदा आमच्या भागात सगळ्यांना माहीत होता. एका सकाळी तो माझ्या दुकानात आला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. काउंटरजवळच्या स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि प्लॉट विकायचा विचार आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हटल्यावर उठता उठता म्हणाला, "मुली क्लासहून साडेसहाला सुटतात ना तुमच्या? रस्ता बरा नाही तो."

त्या दिवसापासून मुलींना आणायला मी स्वतः जाऊ लागलो. पोलिसांत जाऊन त्याचं नाव सांगायची माझी छाती नव्हती. मग मी ठरवलं की आपल्याकडे हत्यार पाहिजे. लायसन्सचं, कायदेशीर, शर्टाखाली राहील असं. भित्र्या माणसाला असलेच पराक्रम सुचतात.

टायपिस्ट छत्रीखाली मशीन मांडून बसायचा. अर्जाचा मजकूर त्याला तोंडपाठ होता. 'माझ्या जीवितास धोका असल्याने' इथपर्यंत त्याने खडखड टाइप केलं आणि बोटं थांबवली.

"धोका कोणापासून?"

"नाव नका लिहू. आहे एक जण."

"असं नाही चालत, साहेब. उद्या चौकशीला हवालदार येईल, तो हेच विचारणार. ठाण्यात एखादी एनसी, म्हणजे साधी अदखलपात्र तक्रार, केलीय का? धमकी, शिवीगाळ, काहीतरी?"

"नाही."

"मग करून या. एनसीला काही होत नाही. कोर्ट नाही, अटक नाही. नुसता कागद. तो आपण अर्जाला जोडू."

मी समोरच्या रसवंतीत जाऊन बसलो आणि वैरी शोधू लागलो. जीपवाल्याचं नाव दिलं तर ते संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाणार, याची मला खात्री होती. म्हणजे मला असा माणूस हवा होता, ज्याने मला कधीतरी धमकी दिली आहे, पण ज्याचं नाव लिहिताना माझा हात कापणार नाही. रसाचा ग्लास संपायच्या आत असा माणूस सापडला.

माझ्या प्लॉटला लागून एक मळा होता. जेमतेम दोन एकर. त्यात झेंडू, बिजलीची फुलं, कडेने मेथी-कोथिंबीर. मळेकरी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला शेठ. त्याच उन्हाळ्यात मी कंपाउंडचा पाया खणायला घेतला, तेव्हा गवंड्याने दोरी हातभर त्याच्या बांधात घातली होती. दादा हातातलं खुरपं टाकून धावत आला. "शेठ, बांध माझा हाय! दगड उपटून नदीत फेकीन. परत हिकडं पाय टाकला ना, तंगडं मोडीन!" मीही तोंड सोडलं. दुसऱ्या दिवशी टेप लावून मोजलं तर चूक माझ्या गवंड्याची निघाली. पाया मागे घेतला. तिसऱ्या दिवशी दादाने माझ्या घरी मेथीच्या चार जुड्या पाठवल्या आणि भांडण मिटलं.

ते मिटलेलं भांडण मी ठाण्यात जाऊन लिहून दिलं. तारीख परवाची सांगितली. 'तंगडं मोडीन'चं 'जिवे मारीन' करताना हवालदाराने मान वर करून विचारलं, "असंच म्हणाला?" मी म्हटलं, "हो." त्याने कागदावर शिक्का मारला. त्या मेथीची भाजी आमच्या घरी सगळ्यांना आवडली होती, हे मला नेमकं त्या क्षणी आठवलं. तरी मी सही केली.

लायसन्स हातात यायला वर्ष गेलं. मग मी हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे होते, चष्म्याला दोरी बांधलेले, आणि बोलताना गिऱ्हाइकाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायचे. त्यांनी हिरव्या फडक्यावर दोन हत्यारं ठेवली. दोन्ही बत्तीस बोरची, दोन्ही सरकारी कारखान्यातली.

"हे पिस्तूल," ते म्हणाले. "चपटं आहे, शर्टाखाली समजत नाही. पण याला सवय पाहिजे. मॅगझीन, सेफ्टीचा खटका, सगळं हाताला पाठ हवं. आणि हे रिव्हॉल्व्हर. जाड आहे, कमरेला फुगवटा दिसेल. पण साधं आहे. चाप ओढला की चालतं. एखादी गोळी फुटली नाही तर परत ओढा, पुढची येते. घाबरलेल्या माणसाला हे बरं." मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुम्हाला लपवायचंय की दाखवायचंय?"

"लपवायचंय," मी म्हटलं.

"मग पिस्तूल घ्या आणि नेमाने सराव करा. सराव करणार नसाल तर दोन्ही घेऊ नका."

मी रिव्हॉल्व्हर उचललं. माझ्या अंदाजापेक्षा जड निघालं. त्यांनी ते रिकामं असल्याची खात्री करून दिली, नळी मागच्या भिंतीकडे धरायला लावली आणि म्हणाले, "ज्याच्यावर चालवायची वेळ येईल, तो माणूस डोळ्यांपुढे आणा. मग चाप ओढा." मी जीपवाल्याला डोळ्यांपुढे आणलं. तो स्टुलावर बसून चहा पीत होता. माझं बोट हलेना. "चाप घट्ट आहे हो," मी म्हटलं. त्यांनी फडक्याची घडी सरळ केली.

मी रिव्हॉल्व्हरच घेतलं. बायकोला सांगितलं, साधं असतं, बिघडत नाही. खरं कारण वेगळं होतं. दुकानात एक अरुंद आरसा होता, त्यात मी दोन्ही एकेक करून कमरेला लावून, शर्ट खाली ओढून पाहिलं. पिस्तूल दिसलंच नाही. रिव्हॉल्व्हरचा फुगवटा दिसला, आणि तो बघून मला बरं वाटलं. लपवायचंय असं म्हणणारा मी, ते लपणार नाही म्हणून खूश झालो होतो.

आमच्या शिंप्याने मला ढगळ शर्ट शिवून दिले आणि पँटच्या आत कापडी कप्पा. ही गोष्ट गुपित ठेवा असं मी त्याला दोनदा बजावलं. त्याने ती आठ दिवसांत अर्ध्या पंचवटीला सांगितली आणि मला त्याचा जराही राग आला नाही. लोक नमस्कार करताना माझ्या पोटाकडे बघू लागले. लग्नात जमिनीवरच्या पंगतीला मांडी घालून बसलो की नळी जांघेत रुतायची. दुकानात खालच्या खणातला व्हॉल्व्ह काढायला वाकता यायचं नाही. बायको एकदा म्हणाली, "ते घेऊन मुलींच्या क्लासला जात जाऊ नका. त्यांच्या मैत्रिणी तुम्हाला घाबरतात." ज्यांच्यासाठी म्हणून घेतलं होतं, त्यांच्याचकडे जाताना मी ते घरी ठेवू लागलो.

आणि जीपवाला? मी हत्यार घेतल्यावर तीन महिन्यांनी तो परत आला. त्याच स्टुलावर बसला, माझ्या शर्टाकडे पाहून हसला आणि म्हणाला, "शेठ, जड लागत असेल ना दिवसभर? चहा सांगा." मी चहा सांगितला. वर्षाच्या आत तो प्लॉट मी त्याने पाठवलेल्या माणसाला विकला, तोही त्याने सांगितलेल्या भावाने. रिव्हॉल्व्हर कमरेलाच होतं. सही करायला वाकलो तेव्हा ते पोटात टोचलं, एवढाच त्याचा त्या व्यवहारात सहभाग.

प्लॉट गेला तरी दादाशी संबंध राहिला, कारण त्याच्या विहिरीवरची मोटार माझ्या दुकानातली होती. विहीर त्याची आणि त्याच्या चुलतभावाची सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि दोघांचं इतकं सख्य की पाळीवरून कधी आवाज चढला नाही. दसऱ्याला दादा माझ्या दुकानात झेंडू घेऊन यायचा. आम्ही पान्हे, पकडी, तराजू पाटावर मांडून पूजा करायचो. लायसन्स मिळालं त्या वर्षी मी त्या पाटावर मधोमध रिव्हॉल्व्हर ठेवलं. दादाने ते पाहिलं आणि उकिडवा बसून सुई-दोरा मागितला. "ह्याला मोठा हार नाय बसायचा," म्हणत त्याने लहान लहान फुलं निवडली आणि वीतभर हार ओवून त्याच्यावर घातला. हात जोडले. मग विचारलं, "लय कागदं लागली असतील, शेठ?"

"लागली थोडी," मी म्हटलं आणि प्रसाद आणायला आत गेलो. आतच जरा जास्त वेळ थांबलो.

एनसीला काही होत नाही, असं टायपिस्ट म्हणाला होता, आणि चार-पाच वर्षं खरंच काही झालं नाही. मग दोन हजार तीनचा सिंहस्थ आला. दादा फार आनंदात होता. बारा वर्षांनी येणारी पर्वणी, घाटावर लागतील तेवढी फुलं कमीच. भर उन्हाळ्यात रोपं जगवायला पाणी पुरेना, तेव्हा चुलतभावाने स्वतःची वांगी वाळू दिली आणि आपल्या पाळ्या दादाला दिल्या. हे मला दादानेच कौतुकाने सांगितलं होतं.

पर्वणीच्या आधी बंदोबस्तासाठी याद्या निघाल्या. ज्यांच्या नावावर काही ना काही नोंद होती, त्यांना चॅप्टर केसच्या नोटिसा गेल्या. शांतता राखीन असं लिहून द्यायचं, जामीनदार आणायचा, आणि पर्वणीच्या दिवशी ठाण्यात येऊन बसायचं. दादा ती नोटीस घेऊन ठाण्यातून थेट माझ्या दुकानात आला. शाळा दुसरीपर्यंतची, त्यात कार्बनची पुसट अक्षरं. त्याने कागद काउंटरवर ठेवला.

"वाचून दावा, शेठ. मी कुणाचं काय केलंय?"

मी वाचायला लागलो. जागेच्या वादावरून, जिवे मारण्याची धमकी, अमुक कलम. पुढच्या ओळीत अर्जदाराचं नाव होतं. माझं. वडिलांच्या नावासकट, दुकानाच्या पत्त्यासकट. मी ती ओळ सोडली आणि खालची वाचली. आवाजही बदलला नाही. मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं असावं, असं आता वाटतं.

दादा कपाळ चोळू लागला. आमचं भांडण त्याच्या मनातून केव्हाच गेलेलं होतं, त्यामुळे माझ्याकडे त्याचा विचार वळलाच नाही. जागेचा वाद म्हटल्यावर वाटणी, वाटणी म्हटल्यावर चुलतभाऊ. वडिलांच्या काळात त्या दोन घरांत बांधावरून काहीतरी झालं होतं म्हणे.

"त्यानंच केलं असंल का, शेठ?" त्याने विचारलं. नाही असं ऐकायला मिळावं म्हणून विचारलं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "असेल."

कागद वकिलाला दाखवतो असं सांगून मी ठेवून घेतला, आणि वर त्याला जामीन राहायला तयार झालो. तो माझ्या पाया पडायला वाकला. कचेरीत मी त्याला बाहेर लिंबाखाली बसवलं आणि एकटा आत गेलो. तिथल्या कारकुनाने दोन कागद शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अर्जदार तुम्हीच आणि जामीनदारही तुम्हीच?" मी म्हटलं, "मिटलंय आमचं." तो हसला. "मग तक्रार मागे घ्यायची होती ना तेव्हाच." मग दादाला आत बोलावून त्याने अंगठा घेतला. बाहेर आल्यावर दादाने मला रस पाजला. समोरच्याच रसवंतीत.

पर्वणीच्या तिन्ही दिवशी तो ठाण्याच्या व्हरांड्यात बसून होता. घाटावरच्या जागेचा पास त्याच्या नावाचा; बायकोने टोपल्या नेल्या, तिला आत सोडलं नाही. फुलं मळ्यात झाडावरच काळी पडली. त्याबद्दल तो मला कधी काही बोलला नाही. चुलतभावाला मात्र त्याने विहिरीवर गाठलं आणि सगळ्यांदेखत नको ते बोलला. येणंजाणं बंद. मुलीच्या लग्नाची पत्रिकाही दिली नाही. सामाईक विहिरीचं पाणी नको म्हणून स्वतःची बोअर घेतली, आणि त्या बोअरला लागणारा पंप घ्यायला माझ्याकडे आला. मी विकला. सूट दिली, वर फिटिंगला माणूस पाठवला.

एकदा चुलतभाऊ दुकानात आला. बारीक अंगाचा, अबोल माणूस. टोपी हातात घेऊन म्हणाला, "शेठ, तो तुमचं ऐकंल. त्याला येवढं सांगा, ते मी नाय केलं. पोरांची शप्पत." मी म्हटलं, "सांगतो." तो सहा महिने, वर्षभर वाट बघत असणार. दुकानावरून जाताना आत नजर टाकायचा. मी फोन कानाला लावायचो, नाहीतर पाइप मोजायला घ्यायचो.

पुढे तो काविळीने आजारी पडला. सिव्हिलला ठेवलं होतं. दादाला कळलं होतं, पण गेला नाही. मी तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. दुकानापासून मळा वीस मिनिटांवर होता. मी रोज ठरवायचो की उद्या जाऊ, आणि रोज मला काहीतरी काम निघायचं. आव आणायला कमरेला रिव्हॉल्व्हरही नव्हतं; मागच्या निवडणुकीला नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केलं, ते परत आणलंच नव्हतं. चुलतभाऊ गेला. मयताला मी होतो, दादा नव्हता. चुलतभावाच्या बायकोने मला बघून पदर तोंडाशी नेला आणि विचारलं, "ते नाय आले?"

पंधरा दिवसांनी मी मळ्यात गेलो. चुलतभाऊ आता नाही, म्हणजे समोरासमोर आणलं जाण्याची भीती उरली नाही, म्हणून माझे पाय वळले, हेही मला लिहिलंच पाहिजे. सकाळची नऊची वेळ होती. दादा एकटा झेंडू तोडत होता. मी बांधावर उभा राहूनच बोललो, कारण बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बोललो असतो.

"दादा, ती एनसी त्याने केली नव्हती. मी केली होती."

त्याला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. लायसन्स, टायपिस्ट, परवाची म्हणून सांगितलेली तारीख. त्याने हातातली फुलं टोपलीत ठेवली.

"मंग तुम्ही वाचून दावलं तव्हा?"

"माझं नाव होतं त्यात. मी ती ओळ गाळली."

"मी तुम्हाला इचारलं व्हतं, त्यानं केलं असंल का म्हणून."

"हो."

"अन् त्यो? त्यो कधी काय बोलला तुमच्याशी?"

"आला होता. 'ते मी नाही केलं' एवढं तुम्हाला सांगायला म्हणाला. मी सांगितलं नाही."

तो बांधावर बसला. त्याने मला मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. मी मनातून त्याची तयारीही करून आलो होतो. मग मान वर करून अगदी साध्या आवाजात, चौकशी करावी तसं त्याने विचारलं, "शेठ, तव्हा तुम्हाला माझं खरंच भ्या वाटत व्हतं का?"

हो म्हटलं असतं तर त्याने समजून घेतलं असतं. घाबरलेला माणूस काहीही करतो, हे त्याला मान्य झालं असतं. मला दिसत होतं की तो माझ्यासाठी तेवढी एक वाट ठेवतो आहे. ते 'हो' माझ्या जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुमची भीती नव्हती, म्हणूनच तुमचं नाव दिलं."

त्याने दोनदा मान हलवली. उठला, टोपली तशीच टाकून चुलतभावाच्या घराच्या दिशेने चालू लागला. दोन मळ्यांमधली पायवाट त्याने स्वतःच बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली होती. त्या आता सुकून एकमेकांत अडकल्या होत्या. तो उघड्या हातांनी त्या ओढून बाजूला करू लागला. मी पुढे होऊन एका फांदीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, शेठ," तो म्हणाला. "तुम्ही नका हात लावू."